पणजोबा तुरुंगात वारले, पण कागद सापडत नाही

प्रश्न विचारणाऱ्या ताईंचं म्हणणं थोडक्यात असं आहे: "आमचे पणजोबा 1930 च्या जंगल सत्याग्रहात पकडले गेले आणि येरवड्याच्या तुरुंगातच वारले, असं घरात सगळे सांगतात. मूळ गाव शिराळ्याकडचं. ग्रामपंचायतीत मृत्यूची नोंद नाही. तुरुंगाकडे अर्ज केला, तर 'अभिलेख उपलब्ध नाही' एवढंच उत्तर आलं. आता कुठे शोधू?"

मी कोर्टात 31 वर्षं नोकरी केली, त्यातली 14 रेकॉर्ड रूममध्ये गेली. निवृत्तीनंतर लोकांच्या घराण्यांचे जुने कागद शोधून देतो, मोडी वाचून देतो. तेव्हा उत्तर जरा लांबणार आहे.

ताई, तुम्ही एक प्रश्न विचारलाय असं वाटतं, पण त्यात चार गोष्टी आहेत. पणजोबा पकडले गेले. ते सत्याग्रहातच पकडले गेले. त्यांना येरवड्याला ठेवलं. आणि ते तिथेच वारले. या चारही गोष्टींचे कागद चार वेगवेगळ्या ठिकाणी तयार झाले, आणि तुम्ही फक्त चौथीचा कागद दोन दारांत मागितलाय. घरातली गोष्ट तीन पिढ्या सांगून सांगून गुळगुळीत झालेली असते. पश्चिम महाराष्ट्रात कुठल्याही तुरुंगाला 'येरवडा' म्हणायची आणि कुठल्याही लांब शिक्षेला 'काळं पाणी' म्हणायची पद्धत आहे. 1930 चे सत्याग्रही विसापूरला गेले, नाशिकला गेले, ठाण्याला गेले, पण नातवंडांना सांगताना सगळ्यांचं येरवडाच झालं.

म्हणून मी कुठलंही काम हातात घेतलं की आधी एक विचार करतो: हा कागद त्या काळी कुणाला हवा होता? आपल्या पणजोबांची आठवण राहावी म्हणून सरकारने एक ओळही लिहिलेली नाही. तलाठ्याला सारा कुणाकडून घ्यायचा ते कळायला हवं होतं. जेलरला कैदी पळाला तर ओळखता यायला हवा होता. सावकाराला वसुलीसाठी मयताचा मुलगा हवा होता. ज्याला गरज होती त्याने नोंद केली, आणि ज्याला पुढेही गरज पडत राहिली त्याने ती जपली. तुरुंगाला सुटलेल्या किंवा मेलेल्या कैद्याची गरज काही वर्षांत संपली. महसूल खात्याची जमिनीची गरज आजही संपलेली नाही. त्यामुळे मरण तुरुंगात झालं असलं तरी त्याचा पुरावा मी आधी तुरुंगात शोधत नाही, जमिनीत शोधतो.

आता ग्रामपंचायतीचं. मृत्यूची नोंद माणूस जिथला त्या गावी होत नाही, मरण जिथे आलं तिथे होते. येरवड्यात वारलेल्या माणसाची नोंद शिराळ्याच्या गावात नसणं हे बरोबरच आहे, त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. शिवाय ग्रामपंचायतीकडे सहसा अलीकडची पुस्तकं असतात. जन्म-मृत्यू नोंदणीचा सध्याचा कायदा 1969 चा. त्याआधीची गावची नोंद म्हणजे गाव नमुना 14, ज्याला सगळे कोतवाल बुक म्हणतात, आणि ती जुनी पुस्तकं बहुतेक ठिकाणी तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात असतात. तिथे अर्ज करा. करताना 1930 एवढंच वर्ष लिहू नका, 1928 ते 1936 मागा.

इतकं मागेपुढे का? कारण तुरुंगात हाय खाल्लेला, आमांशाने किंवा क्षयाने खंगलेला कैदी मरायच्या बेतात आला की त्याला सोडून द्यायची रीत होती. आपल्या हद्दीत मरण नको, हा हिशेब तुरुंगालाही कळतो. असा माणूस बैलगाडीतून घरी येतो, पंधरा दिवसांत जातो, आणि घरातले आयुष्यभर सांगतात की 'तुरुंगाने खाल्लं'. ते खोटं नसतं. पण नोंद मात्र गावच्या कोतवाल बुकात असते.

कोतवाल बुकाचं पान उघडल्यावर पहिल्यांदा निराशाच होते. आडनाव नसतं. 'पांडू बिन गोविंदा, जात अमुक, वय 40, ताप' एवढीच ओळ. 'बिन' म्हणजे अमक्याचा मुलगा. मराठवाड्यात आणि विदर्भात तिथे 'वलद' दिसेल. बाईच्या नावापुढे 'कोम', 'जवजे' किंवा 'भ्रतार' आणि नवऱ्याचं नाव. वयाचा भरवसा धरू नका. 40, 45, 50 अशी गोल वयं कोतवालाने अंदाजाने सांगितलेली असतात. मरणाच्या कारणाचा रकाना मात्र वाचावा. 'ताप' या शब्दात तर निम्मी माणसं मेली, पण पटकी म्हणजे कॉलरा, देवी, गाठीचा ताप म्हणजे प्लेग, आणि 1918 च्या पानांवर एकाखाली एक त्याच तापाच्या ओळी दिसल्या की ती मानमोडी, म्हणजे तेव्हाचा इन्फ्लुएंझा. आजच्या छापील दाखल्यावर हे कारण येणार नाही. 1969 च्या कायद्याच्या कलम 17 मध्येच मृत्यूच्या उताऱ्यात कारण उघड करायला मनाई आहे. म्हणून जुन्या पुस्तकाच्या बाबतीत टाइप केलेल्या दाखल्यावर समाधान मानू नका, मूळ पान बघायला मागा आणि त्याची छायाप्रत घ्या. वरच्या-खालच्या चार ओळी वाचल्या की त्या महिन्यात गावात काय चाललं होतं ते कळतं.

तारखेबद्दल एक सूचना. पान मोडीत असेल आणि साल चार आकडी पण विचित्र दिसत असेल तर घाबरू नका. जुन्या कागदांत शक, फसली किंवा शुहूर अशी वेगळी कालगणना असते. शकात 78 मिळवले की इसवी सन येतो, फसलीत 590, शुहूरमध्ये 599. फसली आणि शुहूर सन आपल्याकडे मृगाला, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यात बदलतात, त्यामुळे वर्षाच्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या महिन्यांत एकाचा फरक पडतो. या एका वर्षाने मी दोन भावांना एकच माणूस ठरवायच्या बेतात आलो होतो, म्हणून सांगतो.

आता जमीन. हाच माझ्या उत्तराचा मोठा भाग आहे.

माणूस तुरुंगात मरो, मुंबईच्या गिरणीत मरो की पंढरीच्या वाटेवर मरो, त्याच्या नावावर अर्धा एकर जरी असेल तरी गावच्या दफ्तरी त्याला मयत करावंच लागतं. गाव नमुना 6 म्हणजे फेरफार, जमिनीवरचं नाव बदलल्याची नोंद, आणि 6क म्हणजे वारस प्रकरणांची नोंदवही. तुमच्या घराण्याचा आजचा सातबारा घ्या, त्यावरचे फेरफार क्रमांक बघा आणि एकेक मागे जात जा. राज्याच्या 'आपले अभिलेख' या संकेतस्थळावर बऱ्याच तालुक्यांचे जुने फेरफार स्कॅन करून ठेवलेत, त्यामुळे काही काम घरबसल्या होतं. तुमचा तालुका तिथे कुठल्या सालापर्यंत आहे ते बघूनच कळेल. नसेल तर तहसील गाठायची.

फेरफाराची नोंद कशी असते ते दाखवतो. नावं बदलली आहेत, मजकूर नेहमीचा: 'खातेदार राणू बिन सखाराम हा सुमारे चार वर्षांमागे पुणे मुक्कामी मयत. वारस मुलगा 1 दौलू, अ.पा.क. आई गंगू. भाऊ तात्या हा विभक्त. सबब मयताचे नाव कमी करून वारसाचे नाव दाखल केले.' खाली तारीख, तलाठ्याची सही, आणि सर्कलचा, म्हणजे तलाठ्याच्या वरच्या मंडळ अधिकाऱ्याचा, 'प्रमाणित' शेरा.

या चार ओळींत किती आहे बघा. मरण गावी नाही, पुणे मुक्कामी. घरच्यांनी नोंद करायला चार वर्षं लावली, म्हणजे फेरफाराची तारीख ही मरणाची तारीख नव्हे. इथे बहुतेक लोक चुकतात आणि फेरफाराचं वर्ष वंशावळीत मरणाचं वर्ष म्हणून टाकून मोकळे होतात. भाऊ विभक्त, म्हणजे वाटणी आधीच झालेली, तिचा वेगळा फेरफार असणार. आणि 'अ.पा.क. आई' म्हणजे अज्ञान पालन करणारी आई: नोंदीच्या वेळी मुलगा सज्ञान नव्हता. तुमच्या घरच्या नोंदीत अशी तीन अक्षरं सापडली तर आजोबांच्या जन्मसालाला एक कुंपण घालता येईल.

तेच कुंपण उलटंही लावून बघा. तुमचे आजोबा नेमके कधी जन्मले? शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा काढा. त्यात तारीख 1 जून असेल तर ती मास्तरांनी घातलेली आहे असं समजा, निम्म्या महाराष्ट्राचा वाढदिवस 1 जूनलाच येतो. तरी वर्ष साधारण जवळपास असतं. आजोबांचं साल जर 1933 निघालं, तर पणजोबा 1930 मध्ये वारले ही गोष्ट तिथेच संपली, आणि सत्याग्रह दुसरा होता असं मानून शोध सुरू करायचा. रजिस्टरात पालकाच्या रकान्यात वडिलांऐवजी चुलत्याचं किंवा मामाचं नाव असेल तर वडील तोवर गेले असण्याची शक्यता दाट. या दोन तपासण्या घरबसल्या जमतात आणि लोक नेमक्या याच सोडून थेट येरवड्याला पत्र लिहितात.

आता तुरुंगाकडे येऊ. 'अभिलेख उपलब्ध नाही' हे उत्तर खरंही असेल. मुदत संपलेले कागद नियमाप्रमाणे नष्ट केले जातात, पावसात भिजतात, कसर खाते. पण तुम्ही अर्ज कसा केला यावरही ते अवलंबून आहे. 'माझ्या पणजोबांची माहिती द्यावी' अशा अर्जावर कुठलाही कारकून दुसरं काय लिहिणार? मागायचं असतं नोंदवहीच्या नावाने आणि कालखंडाने: अमुक ते अमुक काळातली शिक्षा झालेल्या कैद्यांची नोंदवही, कच्च्या म्हणजे खटला अजून चालू असलेल्या कैद्यांची नोंदवही, कैद्यांच्या मृत्यूंची नोंद. माहिती अधिकाराच्या 2005 च्या कायद्यात कलम 8(3) आहे, 20 वर्षांहून जुन्या घटनेच्या माहितीला बहुतेक अपवाद लागू होत नाहीत. अर्जात त्या कलमाचा उल्लेख करा आणि कागद नष्ट केले असतील तर नष्ट केल्याच्या यादीची प्रत मागा. नष्ट करायचं तर त्याचीही यादी ठेवावी लागते, त्यामुळे हा प्रश्न विचारला की कधी कधी न सापडणारं पुस्तक सापडतं.

दुसरं, येरवड्याआधी सातारा. त्या काळी तुमचं गाव सातारा जिल्ह्यात होतं. 1949 मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि 1960 मध्ये त्याचं नाव सांगली झालं. 1930 चा कच्चा कैदी आधी साताऱ्याला गेला असणार, शिक्षा झाल्यावर मोठ्या तुरुंगात. म्हणून सांगलीत शोधून काही मिळालं नाही तर तो शोध अजून सुरूच झालेला नाही असं धरा. शेजारचं गाव औंध, सांगली किंवा जतच्या संस्थानात असेल तर दोन मैलांवर कोर्ट वेगळं, तुरुंग वेगळा, दफ्तर वेगळं. पणजोबा पकडले गेले ते गाव आणि पणजोबा राहत होते ते गाव एकच होतं का, हे घरी विचारा.

कच्च्या कैद्यांच्या नोंदवहीला अलीकडे अनपेक्षित भाव आला. 2023 मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी कुणबी नोंदी शोधायची मोहीम निघाली, तेव्हा गाव नमुना 14 पासून शाळेच्या रजिस्टरांपर्यंत आणि तुरुंगांच्या जुन्या नोंदवह्यांपर्यंत दफ्तरं बाहेर काढली गेली, मोडी वाचणारे बसवले गेले, आणि बऱ्याच जिल्ह्यांनी पानं स्कॅन करून आपल्या संकेतस्थळांवर टाकली. तुमची जात कुठलीही असो, त्या पानांवर गावातले सगळेच लोक आहेत. जी पुस्तकं मी वर्षानुवर्षं फक्त कपाटाच्या काचेतून बघितली, ती आता मोबाइलवर दिसतात.

तुरुंगाच्या नोंदीत इतर कुठल्याच कागदात नसतं असं एक असतं: माणसाचं शरीर. उंची किती फूट किती इंच, अंगकाठी, आणि ओळखीच्या खुणा. माझ्याकडे आलेल्या एका कुटुंबाच्या पणजोबांच्या ओळीत होतं, 'उजव्या भुवईवर खोक, डाव्या हाताची करंगळी वाकडी'. त्या घरातल्या 80 वर्षांच्या आजींनी न बोलता आपला डावा हात टेबलावर ठेवला. करंगळी वाकडी. फोटो नसलेल्या माणसाचं याहून जवळचं वर्णन मी पाहिलेलं नाही.

मग गुन्ह्याचं कलम. इथे मन घट्ट करा. 1930 च्या जंगल सत्याग्रहात लोकांनी राखीव जंगलातलं गवत कापलं, झाडं तोडली. सरकारने त्यांना सत्याग्रही म्हणून थोडंच लिहून घेतलं? वनकायदा लावला, बेकायदा जमावाचं कलम लावलं, आणि पुष्कळांना सरळ चोरीचं 379 लावलं. लोकनायक बापूजी अण्यांनी 1930 च्या जुलैत पुसदला गवत कापलं, त्यांच्यावरही हेच कलम लागलं. तेव्हा पणजोबांच्या ओळीत 'चोरी' दिसलं तर लगेच पान बंद करू नका. तारीख बघा, त्याच दिवशी त्याच गावचे आणखी किती जण त्याच कलमाखाली आत आले ते बघा. एका दिवसात एका गावचे वीस 'चोर' आत आले असतील तर ती चोरी कसली ते उघड आहे. बिळाशीचा सत्याग्रह तुमच्याच भागातला, तिथल्या लोकांची नावं आजूबाजूच्या ओळींत सापडतात का पाहा.

सुटकेची तारीख तर फारच बोलकी. 5 मार्च 1931 ला गांधी-आयर्विन करार झाला आणि हिंसेचा आरोप नसलेले सत्याग्रही सुटले. म्हणजे शिक्षा बाकी असताना मार्च 1931 मध्ये सुटका असेल तर माणूस राजकीय कैदी होता असं मी जवळजवळ धरूनच चालतो. आणि करारानंतरही आतच राहिला असेल तर त्याच्यावर मारहाणीचं काही होतं, किंवा मुळात भानगड वेगळी होती. 1932 च्या जानेवारीपासून चळवळ पुन्हा पेटली, तेव्हा त्या दुसऱ्या फेरीच्या तारखाही बघायच्या.

तुरुंगात खरोखर मृत्यू झाला असेल तर नुसती जेलची नोंद नसते. अशा मरणाची मॅजिस्ट्रेटकडून चौकशी झालेली असू शकते. ते कागद खाली टिकले नाहीत तरी चळवळीच्या काळात असं मरण गृहखात्यापर्यंत जायचं, कारण दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात आरडाओरड व्हायची. मुंबईच्या पुराभिलेखागारात, म्हणजे एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या दफ्तरखान्यात, गृहखात्याच्या 'स्पेशल' शाखेच्या फाइली आहेत. तिथे आधी सूची वाचण्यात दोन दिवस घालवा, जिल्हा आणि साल धरून. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या 'अभिलेख पटल'वर नाव टाकून शोधता येतं, पण स्पेलिंग इंग्रजांच्या कानाचं असतं. शिराळ्याचं काय काय होऊ शकतं ते चार-पाच प्रकारे लिहून बघा.

आणखी एक दफ्तर लोक विसरतात. स्वातंत्र्यसैनिकांचं केंद्र सरकारचं निवृत्तिवेतन 1972 मध्ये सुरू झालं, आणि त्यासाठी तुरुंगवासाचा पुरावा द्यावा लागायचा. तुरुंगात मेलेल्याच्या विधवेलाही अर्ज करता येत होता. पणजी तोवर हयात होत्या का? असतील आणि कुणी त्यांच्यासाठी अर्ज केला असेल, तर जिल्हाधिकारी कार्यालयात फाइल असू शकते. तिच्यात तेव्हा मिळालेला तुरुंगाचा दाखला असतो, जो आज मूळ जागी मिळणार नाही. दाखला नव्हता तिथे सहकैद्यांचे दाखले जोडलेले असतात. ते वाचताना लगेच विश्वास ठेवू नका. बरोबरच्या कैद्याने 40 वर्षांनी दिलेली ती साक्ष आहे, मैत्रीखातर दिलेलीही असते, आणि बोगस स्वातंत्र्यसैनिकांची प्रकरणं आपल्या राज्यात वरच्या कोर्टापर्यंत गेलेली आहेत. घरात स्वातंत्र्यसैनिकाचा ताम्रपट असेल तर त्यावरचं नाव नीट उतरवून घ्या, त्या नावाने फाइल सापडायला सोपी जाते.

कोर्टाचे कागद हे माझं माहेर, म्हणून त्यावर चार शब्द जास्त. तुमच्या पणजोबांचा मॅजिस्ट्रेटसमोरचा किरकोळ खटला आज सापडेल अशी आशा धरू नका. अशी प्रकरणं काही वर्षांतच नष्ट होत. सेशन्सचा खटला आणि त्यावर हायकोर्टात अपील असेल तर गोष्ट वेगळी. पण घराण्याच्या इतिहासाला फौजदारीपेक्षा दिवाणी जास्त उपयोगी. वाटणीच्या दाव्याची फिर्याद उघडली की पहिल्याच पानावर वंशावळ असते, कारण कोण कुणाचा कोण हे सांगितल्याशिवाय हिस्सा मागताच येत नाही. प्रतिवादी आपल्या कैफियतीत ती वंशावळ खोडून काढायचा प्रयत्न करतो. दोन्ही वाचा, खरं सहसा मधे असतं. आणि दावा चालू असताना पक्षकार मेला तर त्याचे वारस दाव्यात दाखल करून घ्यायला 90 दिवसांत अर्ज द्यावा लागतो. त्या अर्जात मरणाची तारीख असते, आणि ती समोरच्या वकिलाने तपासलेली असते! फेरफारातल्या 'सुमारे चार वर्षांमागे'पेक्षा मला ती तारीख कधीही जास्त विश्वासाची वाटते. रोजनाम्यात, म्हणजे दाव्यात तारखेगणिक काय झालं त्याच्या नोंदीत, शोधा: 'वादी नं. 2 मयत, वारस दाखल करणेस मुदत' असं काही दिसलं की थांबा.

तुमच्या भागासाठी आणखी एक कायदा लक्षात ठेवा. 1879 चा दख्खनच्या शेतकऱ्यांचा कायदा सुरुवातीला पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चारच जिल्ह्यांना लागू झाला. त्यात कर्जाचा व्यवहार मुळापासून तपासणं कोर्टाला भाग होतं. त्यामुळे कुणी किती साली कशासाठी कर्ज काढलं, लग्नाला की बैलाला, हे निकालात उतरलेलं सापडतं. फौजदाराच्या हातात कधी न सापडलेली माणसंही सावकाराच्या दाव्यात असतात. दाव्याचा नंबर माहीत नसेल तर दुय्यम निबंधकाकडच्या इंडेक्सपासून सुरू करा: गहाणखत, वाटणीपत्र, दत्तकपत्र. नवरा तरुणपणी गेलेल्या बाईने दत्तक घेतला असेल तर पुढे भाऊबंदांनी त्यावर दावा लावलाच असं धरून चाला.

एक माझ्याकडचं प्रकरण सांगतो, तुम्हाला घाबरवायला नाही, तयारीसाठी. माणदेशातलं कुटुंब, पणजोबा 'इंग्रजांशी लढून काळ्या पाण्यावर गेले' अशी गोष्ट. वर्षभर शोधल्यावर सापडला तो सेशन्सचा खटला: बांधावरून मारामारी, कुऱ्हाडीचा घाव, सात वर्षं सक्तमजुरी. अंदमान नाही, इंग्रज नाही. कुटुंबातले थोरले काका बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "मला माहीत होतं." त्यांनी 60 वर्षं ते पोटात ठेवलं होतं. पण त्याच खटल्यात त्या माणसाच्या आईची जबानी होती, मराठीत लिहून घेतलेली: 'मी भाकरी घेऊन बांधावर गेले तो दोघे झटत होते. मी मध्ये पडले. मला कोणी ढकलले ते ठाऊक नाही.' खाली अंगठा. त्या घरातल्या कुठल्याही बाईचं त्याआधीचं एक वाक्यही कुठे लिहिलेलं नाही. काकांनी त्या पानाची प्रत स्वतःसाठी वेगळी काढून घेतली.

म्हणून माझा एक नियम आहे: जे निघेल ते आधी घरातल्या वडीलधाऱ्यांना, मग बाकीच्यांना. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नाही. गुन्हेगार जमाती कायद्याखाली ज्यांच्या पूर्वजांना सेटलमेंटमध्ये डांबलं, हजेऱ्या लावायला लावल्या, बोटांचे ठसे घेतले, त्यांच्यासाठी तर ही काळजी दुप्पट. त्या कागदांत माणूस काही न करताच गुन्हेगार लिहिलेला असतो. तो कायदा ऑगस्ट 1952 मध्ये गेला, पण कागदावरचा शब्द वाचणाऱ्याला आजही टोचतो.

हे उत्तर वाचणारे सगळे साताऱ्याकडचे नसतील, म्हणून एवढंच. मराठवाड्यातली 1948 पर्यंतची दफ्तरं निजामाच्या राज्यातली, पुष्कळशी उर्दूत, महिने आजूर, दै, बहमन असे, आणि तिथलं फसली वर्ष ऑक्टोबरात सुरू होतं. विदर्भ 1956 पर्यंत आपल्या राज्यातच नव्हता, 1942 चे कैदी पार वेल्लोरपर्यंत पाठवलेले आहेत. मुंबईत संशयास्पद किंवा अपघाती मरण असेल तर 1999 पर्यंत त्याची चौकशी करणारा कॉरोनर होता, गिरणीत मेलेल्या कोकणातल्या माणसांसाठी ते लक्षात ठेवा. गोव्यात पोर्तुगीज पद्धतीने मरणानंतर कोर्टात इन्व्हेंटरी, म्हणजे मयताच्या मालमत्तेची आणि वारसांची यादी, व्हायची, तिच्यात सगळे वारस त्यांच्या नवरा-बायकोसकट असतात. गोवेकरांचा मला हेवाच वाटतो.

तर ताई, क्रम असा ठेवा: आजोबांचं शाळेचं रजिस्टर, सातबाऱ्यावरून मागे 6क, मग तहसीलचं कोतवाल बुक, मग साताऱ्याची कच्च्या कैद्यांची नोंदवही, आणि त्यानंतर येरवडा व मुंबई. यातलं काय मिळेल ते मी इथून सांगू शकत नाही. 1942 च्या चळवळीत तुमच्याच भागात चावड्या जाळल्या गेल्या, 1948 मध्ये कुलकर्ण्यांचे वाडे जळले तेव्हा घरची दफ्तरंही गेली. ज्या चळवळीसाठी पणजोबा आत गेले असतील, तिनेच त्यांचा कागद जाळला असेल, असंही होऊ शकतं. पण पणजोबांचं क्रियाकर्म नाशिकला किंवा पंढरपूरला झालं असेल, तर तीर्थोपाध्यायांच्या वहीला कुठल्या चावडीची आग लागलेली नाही. तिथे गाव आणि आडनाव सांगितलं की वही निघते, आणि अस्थी घेऊन कोण आलं होतं, कधी आलं होतं, हे त्या माणसाच्या सहीने किंवा अंगठ्याने लिहिलेलं असतं.

6क ची नक्कल हाती आली आणि मोडी असली, तर पानाचा फोटो उजेडात, सरळ वरून काढा, फ्लॅश बंद ठेवून. कडेचा शेरा कापू नका. 'पुणे मुक्कामी' सारखे शब्द बऱ्याचदा तिथेच, नंतर कुणीतरी वेगळ्या शाईने लिहिलेले असतात.